डिस्चार्ज बुकातली मंगल

मी २८ फेब्रुवारी २०२५ ला फौजेतून घरी आलो. माझे कागद पुरते घरी आले ते ऑगस्टमध्ये. मधल्या काळात काय काय झालं ते लिहून ठेवतोय, कारण गेल्या दोन महिन्यांत पलटणीतल्या चौघांचे फोन आले आणि चौघांना मी तेच ते सांगत बसलो. पाचव्याला हे वाचायला देईन.

गाव कोरेगाव तालुक्यातलं. फेब्रुवारी २००१ मध्ये बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवर उभा राहिलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो. चोवीस वर्षं झाली, हवालदार म्हणून निघालो. हवालदाराला चोवीसनंतर आणखी दोन वर्षं मिळू शकतात. मी 'अनविलिंग' लिहून दिलं. पोरगी दहावीला होती, आई थकली होती आणि गुडघे डोंगर उतरताना आधीच कुरकुरायला लागले होते. सही केली त्या रात्री झोप लागली नाही, हे खरं सांगतो. दुसऱ्या दिवशी लंगरमध्ये कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

खरी सुरुवात जून २०२४ ची. पेन्शनीच्या कागदांचं काम बरंच आधी सुरू होतं. ऑफिसात बोलावून क्लार्कनं माझ्यापुढे डेटा शीट ठेवली. "नीट वाच बाबा. इथं चुकलं तर पेन्शनीत चुकणार." नंबर, जन्मतारीख, पॅन, आधार, बँक खातं, मोबाइल. मोबाइलच्या जागी जम्मूचं सिम लिहिलेलं होतं, कारण तिकडे असताना बाहेरचं प्रीपेड चालत नाही आणि दोन वर्षं तोच नंबर माझा होता. तो बदलून गावचा दिला. ही पहिली टीप समजा: 'स्पर्श'वर, म्हणजे पेन्शनीच्या ऑनलाइन पोर्टलवर, सगळा कारभार ओटीपीवर चालतो, आणि ज्या सिमला सहा महिन्यांनी रेंज नसणार आहे ते तिथे द्यायचं नाही.

खाली पत्नीचं नाव होतं. मंगल.

माझ्या बायकोचं नाव वैशाली. आधारवर वैशाली, पॅनवर वैशाली, रेशनकार्डावर, बँकेत, पोरांच्या शाळेत वैशाली. क्लार्कला म्हणालो, हे चुकलंय. त्यानं २००६ ची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डात नोंद करायचा आदेश, काढून दाखवली. लग्नानंतर मीच दिलेल्या कागदांवरून नोंद झालेली, खाली माझीच सही.

मग आठवलं. मे २००६. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं होतं. घरात थोरल्या चुलतीचं नाव मंगल, एका घरात दोन मंगल कशा चालतील म्हणून आत्यानं वैशाली सुचवलं. सगळ्यांनी बरं म्हटलं, नवरीला कुणी विचारलं नाही. रजा संपून परत जाताना मी जोडले ते कागद तिच्या शाळेच्या दाखल्यावरचे. त्यावर ती अर्थातच मंगल. पुढे तिचं आधार निघालं ते सासरच्या नावानं. पोरं झाली तेव्हा त्यांच्या फौजेतल्या नोंदीत आईचं नाव जुन्या रेकॉर्डावरून उचललं गेलं. किन्ड्रेड रोल, म्हणजे घरच्या माणसांची यादी, तपासून सही करायला दर वेळी पुढे यायचा. मी दर वेळी न वाचता सही केली. रायफलचा नंबर झोपेत विचारा, सांगेन. घरच्या माणसांचा कागद अठरा वर्षं वाचला नाही.

संध्याकाळी फोनवर सांगितलं. थोडा वेळ पलीकडून आवाजच नाही. मग म्हणाली, "म्हंजी तुमच्या फौजेत मी आजून मंगलच हाय म्हणा की."

"हसू नकोस. पेन्शन अडकंल."

"मी कुटं हसतीय? बरं वाटलं म्हटलं."

नावात काय एवढं, असं वाटणाऱ्यांसाठी सांगतो. पेन्शन माझी असते तोवर बायकोच्या नावातल्या फरकानं फारसं अडत नाही. मी गेल्यावर अडतं. कौटुंबिक पेन्शन मागायला ती आधार घेऊन उभी राहील आणि रेकॉर्डात असेल दुसरीच बाई. आमच्या पलीकडच्या गावात एका वहिनींचं असंच झालं. दादा निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी मोटारसायकलवरून गेले. 'मीच ती' हे सिद्ध करायला वहिनींना दीड वर्ष लागलं. पदरात दोन लेकरं. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी स्वतःचा कागद उघडून बघावा हे सुचलं नव्हतं.

दोन वाटा होत्या. तिची सगळी कागदपत्रं मंगल करायची, नाहीतर फौजेचा एक कागद वैशाली करायचा. हिशोब सरळ होता. तरी तिला विचारलं. एकदा न विचारता झालं होतंच. तिनं दोन दिवस घेतले आणि म्हणाली, फौजेचंच बदला, बँकेत परत कोण उभं राहणार.

जुलैत रजेवर आलो. तहसीलच्या आवारात टायपिंगवाल्याकडे शंभराच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र केलं: मंगल आणि वैशाली ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असून वगैरे. ते परत जाताना ऑफिसात जमा केलं. सप्टेंबरमध्ये आक्षेप लागून आलं. प्रतिज्ञापत्रात इंग्रजीत वैशालीच्या शेवटी दोन 'ई' होते, आधारवर 'आय' आहे. आक्षेप अगदी बरोबर होता. टायपिंगवाल्यानं त्याच्या मनानं लिहिलं, मी मराठी ओळी वाचल्या आणि इंग्रजी सोडून दिल्या. म्हणजे पुन्हा तेच, न वाचता सही.

दुसरं प्रतिज्ञापत्र नोव्हेंबरच्या रजेत केलं. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, किमान मुद्रांक शंभरावरून पाचशेवर गेला होता, त्यामुळे ते दोन 'ई' मला स्टॅम्पचेच पाचशे रुपयांना पडले. या वेळी आधारची झेरॉक्स टायपिंगवाल्याच्या कीबोर्डशेजारी ठेवली आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लावलं. तो वैतागला. चालतंय. सोबत दोन वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, एक मराठी, एक इंग्रजी, आणि राज्याच्या राजपत्रात नावबदलाचा अर्ज ऑनलाइन भरला. माझा हिशोब असा: स्टॅम्प, टायपिंग, जाहिराती, राजपत्र, झेरॉक्स आणि जाण्यायेण्याचं पेट्रोल धरून चार हजारांच्या थोडं आत. आवारातला एक एजंट 'सगळं करून देतो' म्हणून आठ मागत होता. राजपत्राची प्रत डिसेंबरच्या शेवटी निघाली. जाहिरातीचं पूर्ण पान ठेवा. मी कात्रण कापून ठेवलं होतं, त्यावर तारीख नव्हती, मग जुना अंक शोधत फिरलो.

नोव्हेंबरच्या त्याच रजेत जोडीचा फोटो काढला. पेन्शनीच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. कोरेगावच्या स्टुडिओत फोटोवाला म्हणाला, जरा जवळ या. लग्नानंतर स्टुडिओत असे आम्ही पहिल्यांदाच उभे राहिलो होतो. मी सावधानमध्ये उभा होतो, हे फोटो हातात आल्यावर कळलं. बँकेतलं खातंही जोड करून घेतलं, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' या प्रकारातलं. हे आधीच करा. पेन्शनीसाठी खातं एकदा दिलं की ते बदलायला पुन्हा अर्ज.

रिलीज मेडिकल बोर्डाबद्दल थोडंच लिहितो. जाण्याआधी काही महिने सगळी तपासणी होते. ज्यांना नोकरीत दुखापत झाली आहे त्यांनी जुने कागद, म्हणजे इजा झाली तेव्हाचा रिपोर्ट, एकत्र करून न्यावेत. अपंगत्व वीस टक्क्यांच्या खाली धरलं गेलं तर त्याची वेगळी रक्कम सहसा मिळत नाही. माझ्या गुडघ्याचा कागदच नव्हता, कारण २०१४ मध्ये पडलो तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. हळद-तेल लावून झोपलो होतो. जवान माणसाला आजारी पडायची लाज वाटते. ती वाटू देऊ नका.

जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात युनिटमधून निघालो. आदल्या रात्री बडा खाना झाला. भाषण करायला सांगितलं, तर चार वाक्यांनंतर घसा बसला. सगळे टाळ्या वाजवत राहिले, त्यात निभावलं. मोव्हमेंट ऑर्डर, ट्रंक, होल्डॉल आणि मी, असे बेळगावला पोचलो. ज्या मैदानावर २००१ मध्ये उस्तादांनी आम्हाला लोळवलं होतं, तिथे नवे रिक्रूट लोळत होते. फरक एवढाच की आता उस्ताद माझ्यापेक्षा लहान होता.

डिस्चार्ज ड्रिल म्हणजे निरोप नव्हे, ते खिडक्यांचं काम आहे. किट जमा करा, क्लिअरन्सच्या कागदावर प्रत्येक खात्याची सही घ्या, पेन्शनीच्या अर्जाची शेवटची तपासणी करा, निवृत्तीनंतर काय मिळतं यावर तासभर बसून ऐका. ते तासभर वहीत लिहून घ्या. बहुतेक जण डुलक्या काढतात, मीही पहिल्या दिवशी काढल्या.

तिथे सगळ्यांची रात्री चर्चा एकाच गोष्टीची: कम्युटेशन. किती विकायची? नियम असा की जवान-हवालदाराला मूळ पेन्शनीचा निम्म्यापर्यंत भाग एकरकमी घेता येतो. समजायला सोपा आकडा धरू: मूळ पेन्शन २५,००० असेल आणि निम्मी, १२,५०० विकली, तर बाराने गुणायचं आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. आमच्या वयाला तो नऊच्या आसपास असतो. म्हणजे साधारण साडेतेरा लाख हातात, आणि महिन्याला मूळ पेन्शनीतून १२,५०० कमी. ही कपात पंधरा वर्षं चालते, मग पूर्ण पेन्शन परत सुरू होते. महागाई भत्ता मात्र विकण्याआधीच्या पूर्ण मूळ पेन्शनीवर मिळतो, ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. मी निम्मी विकली. घराचा स्लॅब गळत होता आणि पोरीच्या शिक्षणाला रक्कम बाजूला हवी होती. ज्याच्यावर कर्ज नाही आणि घर नीट आहे त्यानं कमी विकावी असं माझं मत, पण ज्याचं त्याला.

इसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, पैसेही निघतानाच कापले जातात. हवालदारापर्यंत एकदाच तीस हजार. त्यावर नवरा-बायकोचा आयुष्यभराचा दवाखाना. आई-वडिलांचं नाव घालायचं तर त्यांचं उत्पन्न महिन्याला ९,००० अधिक महागाई भत्ता याच्या आत असल्याचं दाखवावं लागतं.

नावाचं प्रकरण मी जानेवारीतच सगळ्या कागदांसह दिलं. रेकॉर्ड ऑफिसातल्या सुभेदार साहेबांनी फाईल उलटून बघितली. "कागद पुरे आहेत. पण पीपीओ, म्हणजे पेन्शनीचा आदेश, जुन्या नावानं आधीच तयार होऊन येईल. मग कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्तीचा, पीपीओ काढावा लागेल. घाबरू नका, पेन्शन थांबणार नाही." तसंच झालं. पीपीओ आला, त्यावर पत्नी: मंगल.

२८ फेब्रुवारीला, शुक्रवारी, डिस्चार्ज बुक हातात पडलं. लहानसं पुस्तक. चोवीस वर्षं त्यात बसतात. मिरजेला गाडी बदलून कोरेगाव स्टेशनात उतरलो तेव्हा पोरगा आणि चुलतभाऊ घ्यायला आले होते. ट्रंक दोघांनी उचलली. तिच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर, रँक आणि नाव. 'नाईक' खोडून वर 'हवालदार' मीच रंगवलेलं, जरा वाकडं.

पहिला महिना वाईट गेला. साडेचारला जाग यायची आणि करायला काही नसायचं. अंगणात एकटाच पीटी करायचो. आई शेजारणीला म्हणाली, ह्याला काय झालंय बघा.

स्पर्शचा युजरनेम-पासवर्ड मोबाइलवर आला. पहिली पेन्शन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जमा झाली. त्याआधी आणि नंतर वेगवेगळ्या रकमा येत राहिल्या: ग्रॅच्युइटी, कम्युटेशन, एएफपीपी फंड (फौजेतला भविष्य निर्वाह निधी), विम्याची मॅच्युरिटी, शिल्लक रजेचे पैसे. कुठली रक्कम कशाची हे बँकेच्या मेसेजवरून कळत नाही. निघण्यापूर्वी एका कागदावर पाचही अपेक्षित रकमा लिहून घ्या आणि आली की टिक करा. पैसे आले की माणसंही येतात. विमावाला आला, प्लॉटवाला आला, दुधाच्या धंद्यात भागी देणारा लांबचा पाहुणा आला. आम्ही ठरवलं होतं की सहा महिने सगळं एफडीत, कुणी विचारलं तर 'अजून आले नाहीत' म्हणायचं. हे खोटं मी बिनदिक्कत बोललो.

७ मे २०२५ ला सकाळी साताऱ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिक ओळखपत्रासाठी गेलो होतो. रात्रीत ऑपरेशन सिंदूर झालं होतं. पहलगामच्या हल्ल्याला दोन आठवडे झाले होते, काहीतरी होणार हे सगळ्यांनाच वाटत होतं. बाकावर आम्ही सात-आठ निवृत्त, सगळ्यांच्या मांडीवर फाईल, सगळ्यांचं लक्ष एकाच मोबाइलवर. एका म्हाताऱ्या सुभेदारांनी विचारलं, "परत बोलावलं तर येणार का रे?" सगळे हो म्हणाले. मग शिपायानं माझं नाव पुकारलं आणि दोन पासपोर्ट फोटो कमी आहेत म्हणून खाली पाठवलं.

त्या आठवड्यात पारावर मला एकदम किंमत आली. युद्ध होणार का, किती दिवस चालणार, चीन काय करणार. टीव्हीवर नकाशे आणि बाण. मी सांगितलं, मी दहा जणांच्या सेक्शनचा माणूस. समोरच्या नाल्यातून कोण येईल, पाणी कधी वर येईल, कुणाची रजा कधी सुटेल, एवढं माझं धोरण. कुणाला पटलं नाही. १० मे ला थांबलं, तेव्हा मला हायसं वाटलं, कारण ज्यांच्यासोबत जानेवारीपर्यंत जेवलो ती पोरं तिथेच होती. त्यांना फोन लागत नव्हता. ट्रंक उघडून मी जॅकेट काढून बघितलं, परत घडी करून ठेवलं. बायकोनं बघितलं, काही बोलली नाही.

सैनिक कार्यालयात नोंदणी जरूर करा. राज्याच्या गट क आणि ड भरतीत माजी सैनिकांना पंधरा टक्के समांतर आरक्षण आहे, मुलांच्या शिष्यवृत्तीचे कागदही तिथूनच हलतात, आणि एका घराच्या घरपट्टीची माफी मिळते. ग्रामसेवकाला शासन निर्णयाची प्रत दाखवावी लागली, पण झालं. पंतप्रधान शिष्यवृत्तीत मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५०० आहेत. ती बारावीनंतरच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला मिळते, म्हणून आमच्या घरी त्याला अजून वेळ आहे.

आता नाव. नावबदलाची पार्ट टू ऑर्डर निघाल्याचं मे अखेरीला कळलं. मग वाट बघणं. दर सोमवारी सकाळी स्पर्श उघडायचं, कुटुंबाच्या पानावर जायचं, 'मंगल' बघायचं, बंद करायचं. जूनमध्ये एकदा फोन करून विचारलं, एकदा तक्रार-विभागात लिहिलं. तिथे लिहिताना सेवा क्रमांक, पीपीओ क्रमांक आणि पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक-तारीख, एवढं तीन ओळींत द्या. मी पहिल्यांदा पानभर कहाणी लिहिली होती, तांदळाच्या ताटासकट. कुणी कशाला वाचेल?

१४ जुलैला, सोमवारीच, पानावर वैशाली दिसली. कॉरिजेंडम पीपीओ डाउनलोड करून दोन प्रती काढल्या. त्यावर तिचं इसीएचएस कार्ड भरलं आणि ते ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मिळालं. तोवर मी तिला सतत बजावत होतो, आजारी पडू नको. ती म्हणायची, अर्ज कुटं करायचा त्याचा?

डिस्चार्ज बुकातली नोंद दुरुस्त करायला मी मुद्दाम बेळगावला गेलो. पोस्टानं पाठवायचं धाडस होत नव्हतं. तिथे लाल शाईनं मंगलवर एक रेघ मारली, वर वैशाली लिहिलं, बाजूला सही आणि गोल शिक्का. घरी आल्यावर तिनं ते पान उजेडात धरून बघितलं.

"खालचं वाचता येतंय की."

"येणारच. फौजेत रेघ मारतात, खाडाखोड चालत नाही."

तिनं पुस्तक मिटलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि स्वतःच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलं. आता मला ते लागलं की तिच्याकडून मागून घ्यावं लागतं.